पाऊस सरतोय, ऑक्टोबरचं ऊन यायचंय : नागपुरात बागेत आता काय करायचं आणि काय थांबवायचं?

बेसा_नवीन

नमस्कार मंडळी. बेसा भागात घरामागे साधारण ३० बाय १२ फुटांची मोकळी पट्टी आहे. माती काळी, भारी. पाणी बोअरचं. महालक्ष्म्या आटोपल्या, पाऊस आता अधूनमधूनच येतो. नेटवरचे व्हिडिओ बघितले तर पुण्याच्या तारखा वेगळ्या, दिल्लीच्या वेगळ्या. नागपूरच्या हिशोबाने सांगा.

१) जमीन खणायची कधी? आज फावडं घातलं की चिखल चिकटतो, आणि आठवडाभर थांबलं की दगड होतो.
२) सहा कलमी गुलाब जमिनीत आहेत. छाटणी कधी? मुळं उघडी करून ऊन द्यायचं म्हणतात, ते करायचं का?
३) संत्र्याचं एक झाड आहे, आंबिया बहाराची फळं लागली आहेत. रोज सकाळी चार-पाच फळं खाली पडलेली असतात. फळावर सुईने टोचल्यासारखं भोक दिसतं. शिवाय नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या.
४) शेवंतीच्या कुंड्या गेटजवळ ठेवल्या आहेत. झुडपं मस्त भरलीत, कळीचा पत्ता नाही.
५) हिवाळी फुलं आणि भाजीपाला : काय आत्ता पेरायचं, काय नंतर?

चुलीची राखही भरपूर मिळते. ती टाकू का?

---

काळीमाती

पाचही प्रश्नांचं मूळ एकच आहे. आपल्याकडे पाऊस आणि थंडी यांच्यामध्ये ऑक्टोबरचं ऊन येऊन बसतं. दुपारी ३३-३४ अंश, हवा कोरडी होत चाललेली, रात्र मात्र हळूहळू गार. त्यामुळे 'पाऊस गेला, चला लावू' असं होत नाही. काही कामं हस्ताचा (सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीचा) पाऊस संपायच्या आत, काही कोजागिरीनंतर, आणि मधल्या दोन-तीन आठवड्यांत फक्त तयारी.

राखेचं आधी सांगतो कारण तिथे नुकसान लवकर होतं. राख टाकू नका. आपली काळी माती चुनखडीची, तिचा सामू (पीएच) साधारण साडेसात ते साडेआठ. राख तो आणखी वर नेते. कोकणातल्या आम्लधर्मी मातीत राख उपयोगी, इथे तिने लोह आणि जस्त अजूनच अडकतं. तुमच्या संत्र्याची पिवळी पानं त्याचाच नमुना आहेत. बोअरच्या पाण्यात बहुधा क्षार असतातच, म्हणजे तेही त्याच बाजूने ओढतं. गच्चीचं पावसाचं पाणी ड्रममध्ये धरता आलं तर कुंड्यांना आणि रोपांना तेच द्या.

आता खणणं. भारी मातीत तारीख बघायची नाही, वाफसा बघायचा, म्हणजे माती ना चिखल ना दगड अशी बेताची ओल. वरची पापडी सोडून चार बोटं खालची माती मूठभर घ्या, दाबा, आणि गुडघ्याच्या उंचीवरून सोडा.

पडून फुटली, कणीदार सुटली : वाफसा आहे, त्याच दिवशी काम करा.
गोळा तसाच राहिला, बोटांचे ठसे चकाकतात : ओली आहे, थांबा.
मूठच वळत नाही, टोकदार ढेकूळ टोचतं : उशीर झाला. संध्याकाळी हलकं पाणी देऊन एक-दोन दिवसांनी पुन्हा बघा.

सप्टेंबर अखेरीस उघडीप मिळाली तर आपल्याकडे वाफसा जेमतेम दोन-तीन दिवस टिकतो. ओल्यात फावडं घातलं तर पात्याने माती लिंपली जाते, आतली हवेची छिद्रं बंद होतात, आणि तेच ढेकूळ उन्हात विटेसारखं होतं. पुढचा पूर्ण हिवाळा ते फुटत नाही. म्हणून सगळी पट्टी एकदम खणायला काढू नका. ३ फूट रुंदीचे वाफे आखा, मध्ये दीड फूट वाट, आणि एका वाफशात जेवढं होईल तेवढंच करा. वाटेवरची माती उचलून वाफ्यावर घाला म्हणजे वाफा ६-८ इंच उंच होतो. भारी जमिनीत हे उंच वाफे केले की निम्मे रोग टळतात.

दर चौरस मीटरला ४-५ किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी ढेप (पेंड) वरच्या ६ इंचांत मिसळा. शेणखत हातात घेतलं तर गरम लागता कामा नये आणि शेणाचा वास नको. अर्धवट कुजलेल्या खतासोबत हुमणी आणि उधई दोन्ही फुकट येतात.

आणखी एक. काळ्या मातीत थोडी रेती मिसळून ती हलकी होते हा गैरसमज आहे. दोन-चार घमेली रेतीने माती आणखी घट्ट बसते. फरक पडायला मातीच्या निम्म्याने रेती लागेल, तो खर्च कोणी करत नाही. सेंद्रिय खतच घाला.

वाफा तयार झाला की उघडा ठेवू नका. सोयाबीनचं कुटार (भुसा) किंवा वाळका पाला दोन इंच पसरा, नाहीतर ऑक्टोबरात भेगा पडतील आणि त्या भेगा मुळं तोडतात. रोपाच्या खोडापासून मात्र हे आच्छादन चार बोटं लांब ठेवा.

---

संत्रावाडी

प्रश्न ३ बद्दल. टोचल्यासारखं भोक हे रसशोषक पतंगाचं लक्षण आहे, पण खात्री करून घ्या. पडलेलं फळ हातात घेऊन बघा. भोकाभोवती फिकट-तपकिरी गोल डाग, अंगठ्याने दाबलं की तेवढीच जागा आत जाते आणि भोकातून रस येतो : पतंग. फळ फोडल्यावर आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या : फळमाशी. सड देठापासून सुरू होऊन खाली पसरली असेल आणि भोक नसेल : बुरशी. तिन्हीचा उपाय वेगळा, म्हणून फोटो बघून औषध विचारू नका, फळ कापून बघा.

पतंग रात्री येतो, दिवसा पाल्यात दडतो. त्याची सोंड इतकी टणक की सालीतून सरळ आत जाते. तो अंडी संत्र्यावर घालतच नाही. त्याच्या अळ्या गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर वाढतात. म्हणून झाडावर कीटकनाशक फवारून हाती काही लागत नाही. फळावर बसणारा पतंग रस पिऊन निघून जातो. वरून औषध खायच्या फळावर राहतं ते वेगळंच.

एका झाडासाठी सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे पिशव्या. मलमलीच्या किंवा बारीक जाळीच्या कापडाच्या पिशव्या साधारण ६ बाय ८ इंच, फळ घालून देठाशी सैल दोरी. प्लास्टिकची पिशवी नको, ऑक्टोबरच्या उन्हात आत फळ उकडतं. पिशवी फळाला घट्ट चिकटली तर पतंग कापडातूनही टोचतो, तेव्हा ऐसपैस शिवा. फळाचा हिरवा रंग मोडायच्या आधी हे व्हायला पाहिजे.

पडलेली फळं रोज सकाळी उचला आणि दीड-दोन फूट खोल पुरा. कंपोस्टच्या ढिगावर टाकू नका. सडक्या फळाच्या वासाने आणखी पतंग येतात. बगीच्यांमध्ये संध्याकाळी कडुनिंबाचा ओला पाला जाळून धूर करतात, पण लेआउटमध्ये शेजारी काय म्हणतील ते तुम्ही बघा.

पिवळी पानं. नवीन पान पिवळं आणि शिरांची बारीक जाळी हिरवी म्हणजे लोहाची कमतरता. नवीन पानं लहान, अरुंद आणि शिरांच्या मध्ये पिवळे ठिपके असतील तर जस्त. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र. पावसाळ्यात भारी जमिनीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि मातीत लोह असूनही झाड ते उचलत नाही. त्यामुळे आधी निचरा करा : झाडाच्या घेराबाहेर एक फूट खोल चर काढून उताराकडे सोडा. बऱ्याचदा वाफसा आल्यावर पुढची पालवी आपोआप हिरवी निघते.

तरी नाही सुधारलं तर फवारणी. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी, कोवळ्या पानांवर, १५ दिवसांनी पुन्हा. आधी सायट्रिक ॲसिड विरघळवा, मग फेरस सल्फेट. उलट केलं तर बोअरच्या पाण्यात ते तांबूस होऊन बसतं आणि वाया जातं. जस्तासाठी १० लिटरला ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी. ही दोन्ही एकत्र मिसळू नका, आठवड्याचं अंतर ठेवा. हिराकस म्हणजे हेच फेरस सल्फेट जमिनीत टाकलं तर आपल्या मातीत काही दिवसांत निकामी होतं. जमिनीतून द्यायचंच तर दुकानात 'ईडीडीएचए' प्रकारचं चिलेटेड लोह मागा. स्वस्तातलं 'ईडीटीए' आठच्या सामूला टिकत नाही, ते फवारणीपुरतं ठीक.

पाऊस पूर्ण थांबला की बुरशी रोखायला खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचा लेप. एका झाडाला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी पुरे. मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात रात्रभर भिजवा, चुना वेगळा विझवून गाळा, आणि मोरचुदाचं पाणी ढवळत ढवळत चुन्यात ओता. लोखंडी भांडं अजिबात नको. जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत ब्रशने लावा. डिंक येत असेल तर आधी सडलेली साल धारदार चाकूने निरोगी भाग दिसेपर्यंत खरवडा, ते तुकडे बाहेर फेका, मग पेस्ट.

आणि कलमाचा जोड जमिनीच्या वर आहे ना बघा. माती चढवून चढवून तो बुजला असेल तर मोकळा करा. जोडाखालून येणारी फूट जंबेरीची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खुंटाची असते. तिचे काटे मोठे, वाढ जोरदार, ती जागच्या जागी काढा.

---

बेसा_नवीन

@संत्रावाडी फळ कापून बघितलं. अळ्या नाहीत, दाबलं की खड्डा पडतो आणि रस येतो. म्हणजे पतंगच. कुंपणावर गुळवेल आहे, झाडापासून दहा फुटांवर. काढून टाकू? आणि बगीचेवाले जिबरेलिकची फवारणी सांगतात, तिचं काय?

@काळीमाती मुठीचा गोळा आज फुटला नाही.

---

संत्रावाडी

गुळवेल ठेवायची असेल तर ठेवा, पण आठवड्यातून दोनदा पानं उलटून बघा. अळी मोठी, गडद रंगाची, अंगावर डोळ्यासारखे ठिपके, चालताना पाठीची कमान करते. चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाका. वेल काढली तरी पतंग लांबून उडत येतो, म्हणून पिशव्यांना पर्याय नाही.

जिबरेलिक हे झाडाच्या वाढीचं संप्रेरक, त्याची शिफारस गळ कमी करायला आहे : १०० लिटर पाण्याला दीड ग्रॅम जिबरेलिक ॲसिड आणि १ किलो युरिया. जिबरेलिक पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावं लागतं. तुम्हाला एका झाडासाठी १० लिटर पुरे, म्हणजे ०.१५ ग्रॅम मोजायचं. घरच्या काट्यावर ते होत नाही. आणि ही फवारणी झाडाच्या आतून होणाऱ्या गळीसाठी. पतंगाने टोचलेलं फळ त्याने थांबणार नाही. सोडून द्या. याच कामाला काहीजण टू-फोर-डी सांगतील, ते तर घरच्या बागेत आणूच नका. ते तणनाशक आहे, वाऱ्याने उडालेले थेंब टमाटर आणि गुलाबाची पानं वाकडी करतात.

---

गच्ची_धरमपेठ

शेवंतीचं मी सांगते. बेसाताई की बेसादादा माहीत नाही, पण गेटवरचा दिवा रात्रभर चालू असतो का ते आधी सांगा. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधार लागतो. दिवस लहान व्हायला लागले की तिला कळतं. मध्यरात्री दिव्याचा उजेड पडला की तिच्या लेखी रात्र तुटली, दिवस मोठाच आहे, मग ती पाल्यावर जोर देते. झुडूप मस्त आणि कळी शून्य, याचं सगळ्यात मोठं कारण हेच. रस्त्यावरचे एलईडी दिवे आल्यापासून ही तक्रार जास्तच ऐकू येते.

कुंड्या घरामागे, सकाळचं ऊन आणि रात्री काळोख अशा ठिकाणी हलवा. साधारण तीन-चार आठवड्यांत शेंड्यावर मुगाएवढी कळी दिसेल. शेंडे खुडणं मात्र आता पूर्ण बंद. पोळ्यापर्यंत खुडलं ते ठीक, यापुढे खुडाल तर कळीच खुडली जाईल.

मोठ्या फुलाची जात असेल तर कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्यावर प्रत्येक फांदीला मधली एक ठेवून बाजूच्या काढा. छोट्या फुलांच्या जातीला, पूजेची पिवळी-पांढरी असते तिला, हात लावू नका. काठी आत्ताच रोवा. कळ्या आल्यावर रोवाल तर मुळं तुटतात.

खत : १०० ग्रॅम भुईमुगाची ढेप १ लिटर पाण्यात चार-पाच दिवस भिजवा, गाळा, त्यात दहापट पाणी घाला, ८ इंची कुंडीला अर्धा लिटर, आठवड्यातून एकदा. कुंडी आधी साध्या पाण्याने ओली असावी. वास येतो, झाकण ठेवा. कळीला रंग दिसला की बंद करा. पाणी सकाळी आणि बुडाशी. संध्याकाळी पानं भिजली की खालून काळी पडत वर चढतात.

काळा मावा कोवळ्या शेंड्यांना लागेलच. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. तरी राहिला तर १ लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि २ मिली द्रव साबण, सूर्य मावळल्यावर. साबण आधी तेलात घोटा, मग पाणी. नाहीतर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात एकाच झाडावर पडून पानं करपतात.

आणि सगळ्या कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या करा. त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्याभरात तयार होतो, शिवाय बुडाची मुळं कुजतात ते वेगळं.

---

गुलाबप्रेमी_नागपूर

गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावरच. आपल्याकडे साधारण १० ते २५ ऑक्टोबर. छाटल्यापासून ४५-५० दिवसांत फूल, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला पहिला बहर. हस्ताच्या पावसात छाटलं तर कापलेल्या टोकातून बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली काळी पडत जाते.

पद्धत : छाटणीच्या आधी आठवडाभर पाणी तोडा. बुंध्याभोवती फूटभर घेरात ६ इंच माती काढून मुळं दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. मग छाटा, खत भरा, पाणी द्या. जुनी आणि खात्रीची रीत आहे, झाडाला विश्रांती मिळते आणि फूट एकदम येते.

---

काळीमाती

@गुलाबप्रेमी_नागपूर तारखेबद्दल एकमत. मुळं उघडी करण्याबद्दल नाही. ती रीत मुरमाड, हलक्या जमिनीसाठी आणि जिथे ऑक्टोबरात थंडीची चाहूल लागते तिथे ठीक. भारी जमिनीत आठवडाभर पाणी तोडलं की बुंध्याशी भेग पडते आणि अन्न शोषणारी बारीक मुळं तिथेच तुटतात. वरून ६ इंच माती काढायला फावडं घातलं की उरलेली तुटतात. ३३ अंशांच्या उन्हात उघडी मुळं दोन दिवसांत वाळतात. झाड फुटतं खरं, पण मुळं पुन्हा तयार करण्यात त्याचे दोन आठवडे जातात.

त्यापेक्षा खुरप्याने वरची फक्त दीड-दोन इंच माती हलवा, तण काढा. प्रत्येक झाडाला २-३ किलो शेणखत, १०० ग्रॅम निंबोळी ढेप, ५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट पसरून मातीने झाका. बोनमील नको. हाडाच्या चुऱ्यातला स्फुरद आम्लधर्मी मातीत सुटतो, आपल्या आठच्या सामूला तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो.

---

गुलाबप्रेमी_नागपूर

कुंडीतल्या गुलाबाला मुळं हलकी छाटून माती बदलतो तेव्हा फरक स्पष्ट दिसतो, त्यामुळे रीत अगदी टाकाऊ म्हणणार नाही. पण मूळ प्रश्न काळ्या जमिनीतल्या गुलाबांचा आहे, तिथे तुमचं म्हणणं बरोबर. बोनमीलचंही मान्य.

छाटणीचं नेमकं सांगून टाकतो. आधी मेलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढा. चार ते सहा जाड, निरोगी फांद्या ठेवा. मोठ्या फुलाच्या जाती जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, झुबक्याच्या जाती थोड्या वर. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंच, उतार डोळ्याच्या उलट दिशेला. जास्त वर कापलं तर ठूंठ वाळून बुरशी खाली उतरते, अगदी लगत कापलं तर डोळाच वाळतो.

कापल्यावर फांदीचा गाभा बघा. पांढरा किंवा फिकट हिरवा पाहिजे. तपकिरी दिसला तर अजून खाली, पांढरा दिसेपर्यंत. टोकाला कॉपर ऑक्सिक्लोराइडची (तांब्याचं बुरशीनाशक) पाण्यात कालवलेली दाट पेस्ट लावा. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा.

कलमाच्या डोळ्याखालून निघालेली फांदी खुंटाची. सात पानांची म्हणजे खुंटाची असं सगळीकडे लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. काही चांगल्या जातींनाही सात पानं येतात. फांदी कुठून निघाली ते माती सारून बघा. ती कापू नका, खाली ओढून उपटा, म्हणजे बुडाचे डोळेही निघतात.

---

बियाणे_आणि_रोपं

प्रश्न ५. बियाण्याच्या पाकिटावर 'सप्टेंबर-ऑक्टोबर' छापलेलं असतं ते सगळ्या देशासाठी. नागपूरला तीन टप्पे पाडा.

आत्ता, म्हणजे हस्तात : टमाटर, वांगी, फुलकोबी, पत्ताकोबी, मिरची यांची रोपं गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये. मुळा, पालक, मेथी सरळ उंच वाफ्यावर. झेंडूचं बी आज टाकलं तर फूल नोव्हेंबरच्या अखेरीस, म्हणजे दसरा गेलाच आणि दिवाळीही बहुधा हुकेल. दिवाळीला पाहिजे असेल तर कळी न धरलेली महिन्याची रोपं विकत आणून लगेच लावा. कळी असलेलं रोप स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, ते तेवढंच राहतं.

फुलकोबीत एक अडचण नेहमीची. लवकरची जात उशिरा लावली किंवा ट्रेमधलं रोप दीड महिना म्हातारं झालं, तर गड्डा बटणाएवढाच होतो. आणि थंडीची जात आत्ता लावली तर नुसती पानं. दुकानदाराला 'कोबीचं बी' म्हणू नका, सप्टेंबर लागवडीची जात मागा, आणि रोप २५-३० दिवसांचं असतानाच वाफ्यावर हलवा.

ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा : पिटुनिया, डायंथस, ॲस्टर, साल्व्हिया, अँटिर्‍हिनम, कॅलेंडुला. ट्रेमध्ये दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत. कोकोपीट दोन-तीन पाण्यांनी धुवाच, त्यातल्या क्षाराने कोवळी मुळं जळतात. पिटुनियाचं बी खसखशीहून बारीक, ते चमचाभर कोरड्या रेतीत मिसळून पसरा आणि वर माती टाकू नका, त्याला उजेड लागतो. पाणी वरून नाही, ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून शोषू द्या. ५० टक्क्यांची हिरवी जाळी, उगवल्यावर सकाळचं ऊन वाढवत न्या.

कोजागिरीनंतर : पॅन्सी, फ्लॉक्स, स्वीट पी, नस्टर्शियम, वाटाणा, गाजर, लसूण, सांभार (कोथिंबीर). पॅन्सीला २० अंशांच्या आसपास गारवा लागतो, आत्ता ऑक्टोबरच्या उन्हात बी निजून राहतं आणि लोक दुकानदाराला शिव्या देतात. सांभाराचंही तेच. धणे रगडून दोन फोडी करा, रात्रभर भिजवा, आणि रात्री गार व्हायला लागल्या की पेरा. आठ-बारा दिवसांत वर येतो. घाई केली तर उगवण विरळ, आणि जे उगवतं ते बोटभर झालं की फुलावर जातं. स्वीट पी आणि नस्टर्शियमची मुळं हलवलेली खपत नाहीत, जागेवरच पेरा.

लसणाच्या मोठ्या बाहेरच्या पाकळ्या तेवढ्या लावा, टोक वर, ४ इंचांवर ओळी. डिसेंबरपर्यंत लांबवलं तर गड्डा भरत नाही.

रोपं कोलमडण्याबद्दल : ट्रेमधलं रोप जमिनीलगत पाणचट होऊन आडवं पडलं की ते गेलं, वाचत नाही. बाकीची वाचवायला पाणी थांबवा, दाटी विरळ करा, १ लिटरला अडीच-तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी करा, म्हणजे ते पाणी मुळाशी ओता. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरायचा असेल तर पेरणीच्या वेळीच मिश्रणात घाला. दोन्ही एकदम देऊ नका, तांब्याने तो मरतो.

---

गच्ची_धरमपेठ

यादीत एक राहिलं : कशाला हात लावायचा नाही. मोगरा आत्ता छाटू नका, त्याची छाटणी जानेवारीच्या शेवटी. प्राजक्त ऐन बहरात आहे, त्याच्या फांद्या बहर संपल्यावर. बोगनवेलीला ऑक्टोबरात पाणी कमी करा, पान जरा मलूल दिसल्यावरच द्या. लाड केले तर नुसती पानं. जास्वंदाच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, शेंडा कापून पिशवीत बंद करून फेका आणि खोडावर चढणाऱ्या मुंग्या आधी थांबवा. त्याच त्याला फांदीफांदीवर नेतात.

तेरडा आणि गुलबाक्षीचं बी आता धरतंय. तेरड्याची शेंग हात लागताच फुटते, म्हणून पिवळट झाल्या झाल्या कागदाची पिशवी खाली धरून तोडा. रिकाम्या जागेत गाजरगवत असेल तर फूल यायच्या आत, ओलीत, हातमोजे घालून मुळासकट उपटा. फुलावर आलेलं कंपोस्टमध्ये नको.

बघण्यासारखं म्हणाल तर सिव्हिल लाइन्सकडे संध्याकाळी फिरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सप्तपर्णी फुलते, तिचा वास काहींना आवडतो, काहींचं डोकं उठवतो. घराला लागून लावायच्या आधी एकदा तिच्याखाली पाच मिनिटं उभं राहून बघा. बुचाची पांढरी लांब देठाची फुलंही त्याच सुमारास पहाटे रस्त्यावर पडलेली असतात. बुचाचं लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या मोडतात, तो गाडीच्या वर लावू नका. आणि दसऱ्याला आपट्याच्या नावावर कांचनाच्या फांद्या तोडणाऱ्यांचं काय करावं तेवढं मात्र कुठल्याच पुस्तकात नाही.

---

बेसा_नवीन

गेटवरचा दिवा रात्रभर असतोच. कुंड्या आजच मागे नेल्या. बोर्डोसाठी मोरचूद आणला. पेस्ट बरोबर झाली की नाही ते कसं ओळखायचं? चुना पुडीतला जुना आहे.

---

संत्रावाडी

घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवून काढा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा राहिलाय, तो साल भाजेल. थोडी थोडी चुन्याची निवळी घालत, ढवळत, पुन्हा नवा खिळा बुडवा. खिळा जसाच्या तसा निघाला की तयार. पेस्टचा रंग आभाळी निळा पाहिजे. पुडीतला चुना हवेने विझून पावडर झाला असेल तर त्यात जोर नसतो, दुप्पट घालूनही खिळा लाल येऊ शकतो. कळीचा खडा आणा, पाणी टाकल्यावर फसफसून गरम झाला तर तो ताजा. विझवताना तोंड लांब ठेवा, चष्मा लावा. केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी ती खोडाला नीट धरत नाही. आणि लावल्यावर तीन-चार तास पावसाचं चिन्ह नको, त्यामुळे सकाळी नऊच्या आत उरका. हस्ताचा पाऊस आपल्याकडे बहुधा दुपारनंतरच येतो.